तळेगाव, काल काय ऐकलं?

आमच्या घरात सकाळी साडेसातला कुणी कुकर लावायचा नाही, मिक्सर फिरवायचा नाही आणि शिंक आलीच तर बाल्कनीत जाऊन शिंकायचं. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. साडेसातला आबांचा फोन असतो, आणि त्या फोनसाठी ते आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. फोनवर कुणाला शर्ट दिसतो, असं मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा विचारलं होतं. आबांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की तेव्हापासून मी गपचूप इस्त्री करते.

फोनवर तीन माणसं असतात. आमचे आबा, लोणावळ्याचे एक काका आणि कान्ह्याचे एक भाऊ. तिघंही रेल्वेतून रिटायर झालेले. काका लोणावळ्याच्या सिग्नल केबिनमध्ये होते, भाऊ कान्ह्याच्या फाटकावर, आबा तळेगावच्या केबिनमध्ये. तिघांपुढे रेल्वेचा काळा फोन असायचा, आणि तो फक्त गाड्यांसाठी होता. पण गाडी नसली की हे तिघं त्याच फोनवर एकमेकांना सांगायचे की आज रेडिओवर कुठला राग लागलाय आणि गवई काय करतोय. साहेबाच्या कानावर गेलं असतं तर तिघांची वरात निघाली असती. ती काही निघाली नाही. पुढे काळे फोन गेले, नोकऱ्या संपल्या, हातात मोबाईल आले, पण जित्याची खोड जाते कुठं.

आबांना हा नाद त्या केबिनमधल्या रेडिओनंच लावला. नाहीतर आमच्या घराण्यात गाणं म्हणजे चौदा एप्रिलला वस्तीत लागतं ते, भिंती हलवणारं. माझ्या माहेरीही तेच. एक बुवा एकच ओळ अर्धा तास म्हणतो आणि लोक त्याला शहाणा म्हणतात, हे मला या घरात आल्यावर कळलं.

त्या फोनची एक पद्धत आहे. एकमेकांना नावानं हाक मारायची नाही, स्टेशनाच्या नावानं मारायची. पहिल्यांदा लोणावळा बोलणार, मग कान्हे, मग तळेगाव, कारण गाडी त्याच क्रमानं येते. "लोणावळा, लाइन क्लिअर?" असं आबा विचारतात. काका म्हणतात, क्लिअर. मग विचारायचं, काल काय ऐकलं? की त्यानं सांगायचं: राग कुठला, कुणी गायला, किती वेळ, आणि आत काय काय घडलं. सकाळचा राग संध्याकाळी ऐकला असेल तर "गाडी लेट" असा शेरा मिळतो. आणि "छान होतं" म्हणायला सक्त मनाई. काकांचं म्हणणं, छान तर चहासुद्धा असतो, गाण्याबद्दल काहीतरी बोल.

काकांचा कान गाण्याचा. तंबोऱ्याची एक तार केसभर उतरली तरी त्यांची दाढ दुखायला लागते. भाऊंचा कान गाडीचा. त्यांचं घर कान्ह्यात रुळाला लागूनच आहे. फोन चालू असताना मधेच ते म्हणतात, "थांबा. मालगाडी आली. दोन इंजिनं हायती." आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तिकडे काका गप्प, इकडे आबा गप्प. बराच वेळ जातो, आणि मग फोनमधून धडधडाट सुरू होतो, अगदी दोन इंजिनांचा. भाऊंचं कधी चुकलेलं मी ऐकलं नाही. गाडी गेली की ते "हां, चला" म्हणतात, आणि त्या "हां"मध्ये जी काही ऐट असते ती आमच्या सोसायटीच्या चेअरमनलाही जमत नाही.

मी हे सगळं रोज ऐकते कारण माझं शिलाई मशीन त्याच हॉलमध्ये आहे. मी ब्लाऊज शिवते. साडेसातला मशीन बंद ठेवायचं म्हणून मी हातशिलाई घेऊन बसते, हुक लावते, काजं करते, आणि मनात म्हणते, एवढे शिकले-सवरलेले तिघं, आणि विषय काय, तर कुणाचा निषाद कसा लागला. माझ्या तोंडाला आवर नसतो हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. पण तेवढा अर्धा तास मी आवरते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आबांच्या स्पीकरचा आवाज वाढायला लागला. तो आमचा लहान डबा-स्पीकर, मोबाईलला जोडायचा. आधी हॉलमध्ये ऐकू यायचा, मग जिन्यात, मग गेटवर. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या, म्हणाल्या, माझ्या मुलाची बारावी आहे. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की, सकाळचा तोडी आहे, फुकट कानावर पडतोय. त्या काही मनापासून हसल्या नाहीत. आमचं दोन आठवडे बोलणं बंद होतं, आणि त्यांचे दोन ब्लाऊज माझ्याकडेच अडकून पडले होते.

मग एक दिवस आबांनी स्वतःच आवाज कमी केला. अगदी कमी. आणि ऐकताना स्पीकरवर तळहात ठेवून बसायला लागले, जसं लहान मुलाला थोपटतात तसं. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला कशाचीही माया येते.

त्याच आठवड्यात ते माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, मशीन थांबव जरा."

मी पायडलवरचा पाय काढला.

"मला गाणं ऐकू येईना झालंय."

मी दोरा तोडला आणि त्यांच्याकडे वळले. आबा शांतपणे सांगत होते. समोरच्यानं मोठ्यानं बोललं की बोलणं कळतं. फोनवरचं तर कळतंच, कारण तिघंही जन्मभर ओरडूनच बोलत आलेत. पण गाणं लागलं की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा नुसता आवाज येतो. सूर कुठला, शब्द कुठला, काही नाही. कानाचं मशीन माझ्या नवऱ्यानं त्यांना उन्हाळ्यातच आणून दिलं होतं. ते लावलं की कुकरची शिट्टी मेंदूतून आरपार जायची, आणि गाण्याची वाळू तेवढी आणखी मोठी व्हायची. म्हणून ते डबीत घालून कपाटात गेलं होतं. आम्हाला वाटत होतं आबा हट्टी आहेत.

"आता त्यांनी विचारलं, तळेगाव, काल काय ऐकलं, तर मी काय सांगू?" आबा म्हणाले. "महिनाभर जुन्या आठवणीतलं सांगतोय. तेही संपत आलं."

मी म्हटलं, मग सांगून टाका ना सरळ, त्यात काय, म्हातारपणी कान जातातच. तर आबा स्टुलावर बसले. म्हणाले, ते काढणार नाहीत गं मला, ते चांगले आहेत. पण माझी कीव करतील. मला विचारायचं म्हणून विचारतील आणि मी काहीही बोललो तरी हो म्हणतील. ज्या केबिनचं कुणी खरं धरत नाही ती केबिन चालू ठेवून काय उपयोग. "मला कीव नको, सूनबाई. त्यापेक्षा फोनच नको."

आबांना त्या फोनशिवाय दुसरं काही नाही. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. पेपर वाचून होतो, भाजी निवडून होते, मग पुढचा दिवस पडलेला असतो, आणि तो ते सगळा उद्याच्या साडेसातसाठी काढतात. मला एकदम रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी चिडते. मी चिडून म्हटलं, "मग मी ऐकते. तुम्ही सांगा. झालं?"

झालं काय, डोंबल. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. आबांनी मोबाईलमध्ये काय कुठं आहे ते दाखवलं, मी कानात इअरफोन घातले आणि मशीन चालवत ऐकायला बसले. पहिला दिवस तोडीचा. तास होऊन गेला, अस्तराचा एक ब्लाऊज होत आला, आणि बुवा अजून सुरुवातच करत होते. संध्याकाळी आबांनी विचारलं, काय झालं आत? मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं की बुवा दारातच उभे आहेत, चपला काढतात, पुन्हा घालतात, आत यायचं काही नाव नाही. मधे तबलेवाला कंटाळतो, दोन थपडा देतो, पण बुवांवर परिणाम नाही. आणि शेवटी एकदम काय अंगात येतं कोण जाणे, सुटतात ते थेट माजघरात.

आबांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, बरोबर आहे, ते बुवा तसेच गातात.

दुसऱ्या दिवशी साडेसातला त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं, दार, चपला, माजघर, सगळं. मी हुक लावता लावता जमिनीत जायच्या बेतात होते. मग काका म्हणाले, तळेगाव, इतकी वर्षं ऐकतोयस, पण असं कधी बोलला नव्हतास.

मग काय, रोजचंच सुरू झालं. मी ऐकायची, आबा सांगायचे. यमन गाणाऱ्या एका बाईंबद्दल मी म्हटलं की या कणीक फार सुंदर मळतात पण पोळ्या लाटायलाच घेत नाहीत. भीमपलासाला म्हटलं, कापड उंची आहे पण बाहीला जरा झोल राहिलाय. एका सतारवाल्याबद्दल म्हटलं की हा माणूस गर्दीत सुट्टे पैसे शोधतोय. आबा सगळं इमानदारीत पुढे सांगायचे. काका दाद द्यायचे, भाऊ खो-खो हसायचे. एकदा भाऊंनी विचारलं, "तळेगाव, तू कवापासनं बाह्या लावाया लागलास?" आबा न डगमगता म्हणाले, समोर सूनबाईचं मशीन असतं, डोळ्यापुढे तेच येतं. मला आबांचं कौतुक वाटलं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस इतकं बरं खोटं बोलतो हे मला नवीन होतं.

आणि खरं सांगू? मला ते आवडायला लागलं. गाणं नव्हे हो, गाणं अजून डोक्यावरूनच जात होतं. पण दिवसभर कानात कुणीतरी गातंय आणि आपल्याला संध्याकाळी त्याच्याबद्दल वाटेल ते बोलायची मुभा आहे, एवढं मोकळं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

पण फार कौतुक झालं की नजर लागते. एका सकाळी काका म्हणाले, तळेगावचे कान या वयात उघडलेत, आता एकदा शेजारी बसून ऐकायचं. आम्ही दोघं रविवारी येतो. आबा "या की" म्हणाले, फोन ठेवला, आणि स्पीकर उचलून माझ्या पुढ्यात आणून ठेवला.

मी म्हटलं, घाबरू नका, मी आहे. आम्ही शनिवारी तालीम केली. मी मशीनवर बसणार, आबा माझ्यासमोर, पाहुणे सोफ्यावर, त्यांची माझ्याकडे पाठ. मोजायची टेप माझ्या गळ्यात असेल तोवर बुवा संथ चाललेत असं समजायचं. टेप काढून ठेवली की गाडीनं वेग घेतला. आणि मी मोठी कात्री उचलली की मान हलवून "वा" म्हणायचं. आबा परीक्षेला बसल्यासारखे ते पाठ करत होते. दोनदा त्यांनी टेपला "वा" म्हटलं, तेव्हा मी ओरडले. नवरा कंपनीतून आला आणि दारातच थांबला. मी गळ्यात टेप घालून कात्री वर धरलेली, समोर त्याचे वडील वा वा करताहेत. तो काही न विचारता आत जाऊन आडवा झाला.

रविवारी दोघं पुणे लोकलनं आले. काकांनी चिक्की आणली होती, जी तिघांपैकी एकाच्याही दातांना झेपणारी नव्हती. भाऊंनी शेतातल्या तांदळाची पिशवी आणली. "पोरी, आंबेमोहर हाय, पाणी बेतानं घाल," एवढं सांगून ते बसले. कांदाभजी झाली, चहा झाला. मग काकांनी घड्याळ बघून शुद्ध सारंग सांगितला, कारण दुपार होत आली होती. मी लावला. आबांनी तळहात स्पीकरवर ठेवला आणि डोळे अर्धवट मिटून माझ्याकडे लावले.

पहिला अर्धा तास काय बहारीचा गेला म्हणून सांगू. मी टेप घालून बसले होते, योग्य जागी कात्री उचलत होते. योग्य जागा मला कशी कळत होती? काकांचे खांदे जरा वर गेले की मी उचलायची. आबा म्हणायचे "वा", काका मान डोलवायचे, भाऊ गुडघ्यावर ताल धरायचे. मला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात बेल वाजली. बी विंगमधल्या एक बाई ब्लाऊज घेऊन दारात. म्हणाल्या, काखेत रुततोय. मी म्हटलं, ताई, मापं तुम्हीच घट्ट सांगितली होती. त्या म्हणाल्या, मी असं कधी बोललेच नाही. आता मला राग आला की हातात असेल ते हलवते, आणि माझ्या हातात कात्री होती. मागून आबांचा आवाज, "वा!" मी बाईंना सांगतेय की शिलाईत माया सोडलीय, उसवून देते, पण खोटं बोलू नका. "वा! वा!" बाई माझ्या खांद्यावरून आत बघतात आणि म्हणतात, हे मला म्हणतायत का? मी म्हटलं, नाही हो, गाण्याला.

"पण गाणं बंद आहे ना?" बाई हळूच म्हणाल्या.

मी वळून बघितलं. स्पीकरचा दिवा गेलेला. आदल्या संध्याकाळी खालच्या मुलांनी वाढदिवसाला नेला होता, आणि तालमीच्या नादात मी तो चार्जिंगला लावायचा विसरले होते. हॉलमध्ये पंख्याची घरघर सोडली तर काही नाही. आणि आबा स्पीकरवर हात ठेवून, डोळे माझ्या कात्रीवर लावून डोलत होते.

मी सोफ्याकडे बघितलं. बाईंचं ते हळूच बोललेलं दोघांनाही ऐकू गेलं होतं, कारण दोघांनीही दाराकडे मान वळवली होती. काकांनी बाईंकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मग भाऊंकडे बघितलं. भाऊंनी आबांकडे. आणि मग भाऊंनी डोळे मिटले, थांबलेला हात पुन्हा गुडघ्यावर आणला आणि ताल धरला. काका म्हणाले, "क्या बात है."

बी विंगच्या बाई ब्लाऊज तिथंच टाकून निघून गेल्या.

मी मशीनवर जाऊन बसले. दुसरं करणार काय? टेप काढून ठेवली, म्हणजे वेग घेतला असं आबांना कळावं. आबांनी मान जोरात हलवायला सुरुवात केली. भाऊंचा हात जलद झाला. काकांनी एक हात हवेत उचलला, बोटं नाचवली, तोंडातल्या तोंडात काहीतरी उलगडत नेलं, आणि तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत, पुढे सरकत, एकाच वेळी समेवर आले. तीन हात एकदम खाली. मी कात्री उचलायची विसरले, तरी आबा "वा" म्हणाले.

"काय गायलाय," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

जेवणं झाली. दोघं चारच्या लोकलला निघाले. मी दारापर्यंत गेले. काका पुढे गेले होते. भाऊ चपला घालता घालता मला म्हणाले, "पोरी, तू रोज सांगतीस ते लय ब्येस असतंय. गाण्यापरीस ब्येस. असंच सांगत ऱ्हा." आणि जिना उतरून गेले. मी तिथंच उभी. म्हणजे यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दार, चपला, माजघर, सगळं. आणि रोज साडेसातला हे दोघं गुपचूप हो म्हणत होते, ज्याची आबांना सगळ्यात जास्त भीती वाटत होती नेमकं तेच करत होते. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन त्यांना नमस्कार करावासाही वाटला.

आत आले तर आबा स्पीकर मांडीवर घेऊन बसलेले. डोळे ओले. वाटलं, कळलं यांना.

"सूनबाई, दार लाव," ते म्हणाले. "एक सांगतो, कुणाला बोलू नकोस."

मी दार लावलं.

"हा मधेच बंद पडला होता."

मी मान हलवली.

"माझा हात होता ना त्याच्यावर. थरथर थांबली तसं मला कळलं. म्हटलं, संपलं सगळं, आता हे दोघं म्हणणार, अरे तळेगाव, बंद पडलं की, आणि तू डोलतोयस काय. म्हणून थांबलोच नाही. आणि तुझ्या कात्रीवरची नजर वळवून बघतो तर..." आबांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "तर दोघंही डोलतायत गं. लोणावळा समेवर येतोय. बंद गाण्याच्या समेवर."

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"त्यांचेही गेलेत. दोघांचेही कान गेलेत. आणि बिचारे मला कळू देत नाहीत. अगं, कान्ह्याचा कान! कामशेतला गाडी हलली की ज्याला कळायचं तो कान! कसं सोसत असेल तो."

माझ्या तोंडात सगळं होतं. बाईंचं बोलणं, ओठांवरचं बोट, जिन्यातलं ते वाक्य. आयुष्यात इतकं मोठं काही माझ्या तोंडात येऊन बाहेर न पडलेलं मला आठवत नाही. पण आबांकडे बघितलं, तर कितीतरी महिन्यांनी त्यांचे खांदे खाली आलेले. त्यांना त्या दोघांची एवढी दया आली होती की स्वतःचं काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, हो ना, बिचारे. आणि आत जाऊन चिक्की वरवंट्यानं फोडली.

सकाळी साडेसातला आबा इस्त्रीच्या शर्टात बसले. लाइन क्लिअर विचारलंच नाही. फोन लागला तसे म्हणाले, आज पहिल्यांदा तळेगाव बोलणार. मग सरळ सांगून टाकलं. माझे कान गेले, महिने झाले, सगळं सूनबाई ऐकते, मी नुसता सांगतो. "आणि मला माहीत आहे, तुमचंही तेच झालंय. काल बघितलं मी. लपवू नका आता. आपल्यात लपवायचं काय? तिघंही एकाच डब्यात आहोत."

मी हुक हातात धरून बसले होते. आता कुणी हसलं तर मी लोणावळ्याला जाऊन येईन, असं माझं ठरलं होतं.

"हो रे," काका म्हणाले. आवाज जरा घोगरा होता. "माझंही तसंच झालंय. सांगायला लाज वाटत होती."

"आणि कान्हे?" आबांनी विचारलं, किती हळुवारपणे विचारलं.

कान्हे गप्प. आणि त्या शांततेत मला, हॉलच्या या टोकाला बसून, फोनमधून लांबवर एक हॉर्न ऐकू आला. गाडी येत होती. मी वाट बघितली. रोज हा हॉर्न आम्हाला ऐकू यायच्या कितीतरी आधी भाऊ "थांबा" म्हणतात, इंजिनं किती तेही सांगतात. हॉर्न पुन्हा झाला, जवळ.

"व्हय," भाऊ म्हणाले. "मलाबी आता काय बी ऐकू येत न्हाई बघ."

गाडी त्यांच्या भिंतीला लागून धडधडत गेली. भाऊ काही बोलले नाहीत. मालगाडी होती का पॅसेंजर, ते मला अजून माहीत नाही.